एक्केचाळीस फायली

आम्ही कानाची तपासणी करायचं यंत्र बनवतो. अकरा माणसांची कंपनी, दुसरा मजला, खाली टायरचं दुकान. यंत्र दिसायला बुटाच्या खोक्याएवढं. हेडफोन लावून बसलेल्या माणसाला ते वेगवेगळे सूर ऐकवतं, सूर ऐकू आला की माणूस बटण दाबतो, आणि शेवटी कागदावर त्याच्या कानांचा आलेख छापून येतो.

त्यातलं सॉफ्टवेअर आमचं, पण सगळंच काही आम्ही लिहीत नाही. सूर काढणं, पडद्यावर रेघा उमटवणं, आलेख छापणं यासाठी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड वापरतो. त्या फायलींना लायब्ररी म्हणतात. अशा एक्केचाळीस फायली आमच्या सर्व्हरवर असतात. बिल्ड करायचं, म्हणजे सगळा कोड एकत्र बांधून यंत्रात भरण्याजोगा करायचा, तर त्याआधी या फायली बिल्डच्या कॉम्प्युटरवर वर्कस्पेस नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवाव्या लागतात. हे काम एक छोटी स्क्रिप्ट करते. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत तिचं नाव टाइप करायचं आणि एंटर मारायचा. तिचं नाव ‘आण’.

‘आण’ लिहिली माझ्या सासऱ्यांनी, चौदा वर्षांपूर्वी. तेव्हा ते माझे सासरे नव्हते, मी तर तेव्हा कॉलेजात होते. पुढे मी या कंपनीत लागले तेव्हा ते माझे वरिष्ठ होते आणि सगळे त्यांना सर म्हणत. दोन वर्षं माझं काम बघितल्यावर त्यांनी मला एकदा घरी चहाला बोलावलं, मुलाची ओळख करून दिली, आणि आपण भाजी आणायला म्हणून जे गेले ते दीड तासाने रिकाम्या पिशवीने परत आले. सासूबाई अजून म्हणतात, “यांनी जन्मात मला न विचारता एकच गोष्ट घरात आणली, ती तू. नेमकी तीच बरी निघाली.”

लग्नानंतर वर्षभर माझ्या तोंडून घरीही ‘सर’च निघायचं. “सर, चहा गाळू का?” असं मी विचारलं की सासूबाई म्हणायच्या, “थांब, हजेरीपट आणते.” मग हळूहळू ‘बाबा’ म्हणायची सवय लागली. ते मला ऑफिसात ‘तुम्ही’ म्हणायचे, घरी ‘तू’ म्हणायला लागले. ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची, त्यांचा बिल्डचा कॉम्प्युटर आणि ‘आण’ असं सगळं माझ्याकडे आलं.

तीन महिन्यांपूर्वी आवाजाची लायब्ररी पुरवणाऱ्या कंपनीने नवी फाईल पाठवली. ती घातली आणि आमच्या तपासनिसाने दुसऱ्याच दिवशी तक्रार आणली. या गृहस्थाला सगळे ‘कान’ म्हणतात. पाठीमागे नव्हे, तोंडावर. बाहेर पार्किंगमध्ये कोणाच्या गाडीचा पट्टा सैल झालाय ते हा वरून सांगतो. तो म्हणाला, “उजव्या कानात चार हजारचा सूर येत नाही. डाव्यात येतो. उजव्यात दिवा लागतो, आकडा दिसतो, पण आवाज नाही.”

चार हजार म्हणजे उंच सूर, शिट्टीसारखा बारीक. ज्या यंत्रातून सूर निघतच नाही ते यंत्र चांगल्या कानाच्या माणसाला बहिरं ठरवणार. सहा यंत्रं एका हॉस्पिटलला शुक्रवारी जायची होती. मॅडम, म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीण, स्वतः कानांच्या डॉक्टर. त्यांनी सांगितलं, “नवी फाईल नको. जुनीवर परत या.”

सोपं काम होतं. जुनी फाईल सर्व्हरवर ठेवली, ‘आण’ चालवली. तिने नेहमीप्रमाणे उत्तर दिलं, “४१ फायली आणल्या.” बिल्ड केलं, यंत्रात भरलं. कानाने हेडफोन लावला आणि मान हलवली. उजव्यात शांतता.

मी परत आणलं, परत बांधलं. तेच. माझ्या लॅपटॉपवर तेच सगळं केलं तर सूर खणखणीत. बिल्डच्या कॉम्प्युटरवर केलं की गायब. सोमवार त्यात गेला आणि मंगळवारची दुपारही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वायर बदलली, हेडफोन बदलला. कान बिचारा दर तासाला तपासणीच्या खोलीत जाऊन बसायचा आणि बाहेर येऊन तोच चेहरा करायचा.

शेवटी मी ‘आण’ उघडली. ती मी रोज चालवत होते, पण आत डोकावले नव्हते. स्वयंपाकघरातला मिक्सर कोणी उघडून बघतं का? साठेक ओळी, एकदम सुबक. मधल्या एका ओळीवर त्यांनी लिहून ठेवलं होतं, “इथे हात लावू नये. लावल्यास मला सांगावे.” आणि घोळ नेमका त्याच ओळीत होता.

ती ओळ म्हणत होती, सर्व्हरवरच्या फाईलची तारीख वर्कस्पेसमधल्या फाईलच्या तारखेपेक्षा नवी असेल तरच ती उचलायची, नाही तर सोडून द्यायची. आमची चांगली फाईल गेल्या वर्षीची. बिल्डच्या कॉम्प्युटरवर बसलेली बिघडलेली फाईल आदल्या महिन्याची. ‘आण’ दर वेळी येऊन बघायची, म्हणायची इथे नवी आहेच, आणि हात हलवत परत जायची. माझा लॅपटॉप आठवड्यापूर्वीच घेतलेला, त्यावर आधीचं काहीच नव्हतं, म्हणून तिथे बरोबर फाईल गेली. आणि ते एक्केचाळीस? ते आणलेल्या फायली मोजत नव्हतं, नुसत्या बघितलेल्या मोजत होतं.

चूक सापडली की माणसाला हलकं वाटतं. मला वाटलं नाही. ओळ बदलायला पाच मिनिटं लागली असती, आणि कोणाला कळलंही नसतं. पण “मला सांगावे” असं लिहिलं होतं, आणि ते लिहिणारा माणूस संध्याकाळी घरी दार उघडायला उभा असायचा.

घरी गेले तेव्हा बाबा खाली चक्कर मारायला गेले होते. सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. नवरा कामासाठी पंधरा दिवस दुसऱ्या गावी, तेव्हा सल्ला विचारायला त्याच होत्या. मी त्यांच्यासमोर बसून चार शेंगा सोलल्या आणि सगळं सांगितलं.

“म्हणजे चूक यांची,” त्या म्हणाल्या.

“चूक म्हणजे, तेव्हा ते बरोबर असेल.”

“मला समजावू नकोस, मी काय ऑफिसात आहे? त्यांना सांग.”

“त्यांना वाईट वाटेल, आई.”

“वाटू दे. तू लपवलंस आणि नंतर कळलं तर दुप्पट वाटेल. आणि त्यांना कळतंच. निवृत्त झालेत, पण त्या कानवाल्याला दर रविवारी फोन असतो.”

बाबा आले, हातपाय धुतले, चहा घेऊन बसले. मी सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत, त्यांना ती आवडत नाहीत. ते चहाचा कप तसाच धरून ऐकत राहिले. दोनदा “काय?” म्हणाले, मी दोनदा परत सांगितलं.

“म्हणजे माझी स्क्रिप्ट खोटं बोलते,” ते म्हणाले.

“खोटं नाही, बाबा.”

“आणलं नाही आणि आणलं म्हणते, त्याला काय म्हणतात?”

ते उठले, आत गेले. मला वाटलं रुसले. सासूबाईंनी डोळ्यांनीच खूण केली, थांब. पाच मिनिटांनी आतून इस्त्रीचा वास आला. ते पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते.

“उद्या मी येतो,” ते म्हणाले. “माझी घाण मी काढणार.”

बुधवारी सकाळी आम्ही दोघं एकाच रिक्षाने ऑफिसात गेलो. ते नोकरीत होते तेव्हाही असे कधी बरोबर गेलो नव्हतो. सगळे उठून भेटले. मॅडमनी बाबांचा हात हातात घेतला. कानाने त्यांच्यासाठी माझ्या शेजारी खुर्ची आणून ठेवली. मी त्यांना माझी खुर्ची देऊ केली, पण बाबांनी मला माझ्या खुर्चीत बसवलं आणि आपण त्या साध्या खुर्चीत बसले.

“तुम्ही टाइप करा,” ते म्हणाले. “मी बघतो.”

ते ‘तुम्ही’ कानावर पडलं आणि मीही नकळत म्हणाले, “हो, सर.” आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तसंच चालू ठेवलं. त्या खोलीत तेच बरोबर वाटत होतं.

त्यांनी सांगितलं, चौदा वर्षांपूर्वी सर्व्हर इतका मंद होता की सगळ्या फायली आणायला चाळीस मिनिटं लागायची. लोक ‘आण’ चालवून जेवायला जायचे. म्हणून त्यांनी ती तारखेची अट घातली, आणि काम तीन मिनिटांवर आलं. त्या दिवशी त्यांना सगळ्यांनी टाळ्या वाजवून उचलून घेतलं होतं. “कोणी जुनी फाईल परत आणेल, हे डोक्यातच आलं नाही,” ते म्हणाले. “माणूस नेहमी पुढेच जाणार असं वाटायचं.”

मग कामाला लागलो. तारखेची ओळ काढली. आता ‘आण’ आधी वर्कस्पेस पूर्ण रिकामी करणार, मग सगळ्या फायली नव्याने आणणार. त्यांनी अजून एक गोष्ट सुचवली. प्रत्येक फाईलमधल्या अक्षरांवरून एक आकडा काढायचा, सर्व्हरवर आणि इथे. एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी आकडा बदलतो. दोन्ही आकडे जुळले तरच ती फाईल मोजायची.

“आणि जुळला नाही तर?” मी विचारलं.

“तर तिथेच थांबायचं. नाव घेऊन सांगायचं, ही आली नाही.”

मी लिहीत गेले, ते कीबोर्डला हात न लावता पडद्याकडे बोट करत गेले. एकदा मी एक कंस विसरले तर म्हणाले, “बाईसाहेब, दार उघडं राहिलं.” हे ते जुन्या काळीही म्हणायचे.

चालवली. एकेक फाईल नाव घेऊन आली. एक्केचाळीस, अडतीस सेकंदांत. बिल्ड केलं, यंत्रात भरलं. कान आत जाऊन बसला, बाहेर आला आणि पहिल्यांदाच हसला. मीही बसून ऐकलं. चार हजार, दोन्ही कानांत, बारीक आणि स्वच्छ.

“आता मी,” बाबा म्हणाले. “मी ऐकल्याशिवाय सही करत नसे.”

तपासणीची खोली म्हणजे एक जाड दाराचं कपाटच, काचेची छोटी खिडकी असलेलं. ते आत बसले, हेडफोन लावला, बटण हातात घेतलं. मी बाहेरून सूर सोडायला सुरुवात केली. खालचे सूर दिले, त्यांनी लगेच बटण दाबलं, माझ्याकडचा दिवा लागला. मधले दिले, लागला. दोन हजारला जरा आवाज वाढवावा लागला. मग चार हजार. दिवा लागला नाही. मी वाढवला. अजून वाढवला. आत ते डोळे मिटून, एकाग्र होऊन, बटणावर अंगठा ठेवून बसले होते. आवाज साठ डेसिबलच्या, म्हणजे रोजच्या बोलण्याच्याही, पुढे गेल्यावर अंगठा हलला. डाव्या कानाचं तेच.

ते बाहेर आले ते भुवया आवळूनच. “सूर अजून गायबच. उलट आता दोन्ही कानांत येत नाही. तुम्ही फाईल कुठली आणली?”

छापलेला आलेख माझ्या हातात होता. डावीकडून सरळ आलेली रेघ उजवीकडे जिन्यासारखी उतरली होती. या कंपनीत सहा वर्षं काढलेल्या माणसाला ती रेघ वाचायला शिकवावं लागत नाही. कानाने माझ्या खांद्यावरून ती बघितली आणि चहा सांगतो म्हणून निघून गेला.

“फाईल बरोबर आहे, सर,” मी म्हणाले.

“मग आपण परत बघू.”

त्यांनी ‘आण’ पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली, आणि मी त्यांना वाचू दिली. ते ओळ वाचायचे, मान हलवायचे, पुढच्या ओळीवर जायचे. आकडे परत काढायला लावले, जुळले. वर्कस्पेस रिकामी करून परत भरायला लावली, भरली. अर्धा तास असा गेला. चहा आला आणि निवला.

मग ते मागे टेकले. “तुम्ही आत बसा,” ते म्हणाले. “मी सूर सोडतो.”

मी बसले. दार लागलं की त्या खोलीत आपलाच श्वास ऐकू येतो. चार हजारचा सूर आला, अगदी हळू, मी बटण दाबलं. परत आला, अजून हळू, मी दाबलं. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्या दिव्याकडे बघत होते. एकदा मनात आलं, दाबू नये. एकदाच, जरा उशीर करावा. पण आयुष्यभर यंत्रं तपासलेल्या माणसासमोर यंत्राला खोटं पाडायचं माझ्याच्याने झालं नाही. मी दाबत राहिले. ते सूर सोडत राहिले, उजवा, डावा, परत उजवा, दहा-बारा वेळा. यंत्र तेच, फाईल तीच, बदललं होतं ते फक्त माणूस. त्यांनीच मला हे शिकवलं होतं, दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

त्यांनी दार उघडलं आणि मला हेडफोन काढायला मदत केली.

“यंत्र ठीक आहे,” ते म्हणाले. “पाठवून द्या.”

आणि खिशातून पेन काढून त्यांनी तपासणीच्या कागदावर माझ्या सहीशेजारी सही केली. त्यांचा आलेख त्यांनी चौपदरी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

परतताना रिक्षात बराच वेळ ते बाहेर बघत होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते, आणि पहिल्यांदा मी मुद्दाम, तोंड त्यांच्याकडे करून, सावकाश बोलले. “बाबा, मॅडमना दाखवू या का?”

“दाखवू,” ते म्हणाले. “हिला एवढ्यात सांगू नकोस.”

सांगायची वेळच आली नाही. सासूबाईंनी दारातच आमचे चेहरे बघितले आणि काय झालं म्हणून विचारलं. बाबांनी खिशातून कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण ही रेघ इथून खाली गेलीय म्हणजे काय, ते बाबांनी त्यांना नीट समजावलं, जसं नव्या माणसाला समजावतात तसं. उंच सूर जातात. मग ‘स’ आणि ‘त’ निसटतात, बायकांचे आवाज आधी निसटतात.

सासूबाई कागद धरून उभ्या राहिल्या. “किती दिवसांचं असेल?”

“दोनेक वर्षं. जास्तही असेल.”

“आणि मी समजत होते, तुम्हाला माझं ऐकायचंच नसतं.”

“ते आधीच्या तीस वर्षांचं,” बाबा म्हणाले. “हे नवीन.”

सासूबाई हसल्या, मग पदराने डोळे पुसले, मग मलाच रागावल्या की दारात काय उभी, आत ये. त्या संध्याकाळी त्यांनी प्रत्येक वाक्य इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्या काकू विचारायला आल्या, घरात सगळं बरं आहे ना.

यंत्रं शुक्रवारी गेली. मॅडमनी बाबांना सोमवारी बोलावलं, नीट तपासलं, आणि तीन आठवड्यांनी कानामागे बसणारी दोन छोटी श्रवणयंत्रं आली. पहिले चार दिवस बाबा वैतागले. वर्तमानपत्राचं पान उलटलं की कोणी कापड फाडतंय असं वाटतं म्हणाले. फ्रिज सारखा कुरकुरतो म्हणून मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणाला, काका, हा पहिल्यापासून असाच आहे. त्यांनी दोन्ही यंत्रं कोणत्या सुराला किती वाढवतात त्याचा तक्ता केला, मॅडमना दोन दुरुस्त्या सांगितल्या, आणि मॅडमनी त्यातली एक मान्यही केली. त्यानंतर ती यंत्रं त्यांची झाली.

महिन्याभराने एका सकाळी मी ऑफिसला निघताना बाबांनी मला बाहेरच्या खोलीत थांबवलं. सासूबाई आत ओट्यापाशी होत्या.

“ऐक,” ते हळूच म्हणाले.

मी ऐकलं. भांडी, नळ, बाकी काही नाही. “काय, बाबा?”

“नीट ऐक. ती गुणगुणते. काम करताना सारखी गुणगुणते. लग्न झालं तेव्हाही करायची. मला वाटलं होतं, मध्येच कधीतरी सोडून दिलं. मी विचारलंही नाही, का सोडलंस.”

मग मलाही ऐकू आलं, नळाच्या आवाजाखाली, शब्दांशिवाय. मी त्या घरात चार वर्षं राहत होते, माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

“सांगितलंत त्यांना?”

“छे. सांगितलं तर लाजून बंद करेल.”

परवा मी लवकर घरी आले तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. सासूबाईंच्या बाजूचं यंत्र काढून, त्यांना सहज दिसेल असं टेबलावर ठेवलं होतं. भिंतीकडच्या कानामागचं, त्यांना न दिसणारं, तसंच होतं. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या राहून गुणगुणत होत्या. मी चपला दाराबाहेरच काढल्या आणि आवाज न करता आत गेले.